हजार लिटरच्या ब्रुअरीत यंत्रांची नोंद: काय मोजायचं आणि काय सोडायचं

प्रश्न पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीचा आहे. हजार लिटरचं ब्रुहाउस (माल्ट भिजवून उकळायची भांडी), चार फर्मेंटर (आंबवायच्या टाक्या), दोन बीबीटी (तयार बिअर ठेवायच्या टाक्या), एक ब्रुअर आणि दोन मदतनीस. गेल्या उन्हाळ्यापासून चिलर पुरत नाही. एफिशियन्सी, म्हणजे माल्टमधला किती अर्क प्रत्यक्ष हाती लागला, कधी ८४ टक्के येते, कधी ७६. सगळीकडे सेन्सर बसवून मोबाइलवर डॅशबोर्ड घ्यावा, म्हणजे कुठलं यंत्र कसं चालतंय ते बसल्या जागी कळेल, असं मालकांच्या मनात आहे. हा खर्च करावा का, आणि नाही केला तर नेमकं काय मोजायचं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या करू नका. डॅशबोर्ड ग्लायकॉलचं (चिलरमधून टाक्यांभोवती फिरणाऱ्या थंड द्रवाचं) तापमान दर मिनिटाला दाखवेल, पण ते तापमान चढलं तर दोष चिलरचा, टाकीचा की त्या दिवशीच्या कामाचा, हे त्यातून कळणार नाही. ते कळायला वेगळ्या प्रकारची नोंद लागते आणि तिच्यासाठी घड्याळ, चांगला थर्मामीटर आणि जाड रजिस्टर पुरतं. सॉलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हची) कॉइल किंवा कॉन्टॅक्टर (मोटरचा विजेचा स्विच) अचानक जातो, ते सोडून द्या. बाकीची यंत्रं बंद पडण्याआधी बराच काळ मंदावत असतात. जो वर्ट (माल्टचा उकळलेला गोड रस) ४२ मिनिटांत थंड होऊन फर्मेंटरमध्ये जायचा त्याला ५२ लागतात. जी टाकी रात्रभरात ४ अंशांवर यायची ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. तेव्हा प्रत्येक यंत्राचं एक ठरलेलं काम धरा आणि सारख्या परिस्थितीत ते करायला किती वेळ लागला, एवढं लिहा.

सारखी परिस्थिती महत्त्वाची. आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) आणि हेफेवायझनचे (गव्हाच्या बिअरचे) आकडे एका रकान्यात घातलेत तर काहीच हाती लागणार नाही. आयपीएत हॉप्सचा गाळ व्हर्लपूलमध्ये (वर्ट गोल फिरवून गाळ बसवायच्या भांड्यात) भरपूर वर्ट धरून ठेवतो, गव्हाची बिअर लॉटरला, म्हणजे भिजलेल्या माल्टमधून वर्ट गाळून घ्यायला, वेळ खाते. तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा निघणारी एक बिअर घ्या. पुण्यात ती बहुधा हेफेवायझनच असणार. यंत्रांची तुलना फक्त तिच्याच बॅचवर करा. बाकीच्या बॅचचे आकडे लिहा जरूर, पण निष्कर्ष त्यांच्यावरून काढू नका.

आता ८४ आणि ७६ चं बघू, कारण मला मिलवर (माल्ट भरडायच्या यंत्रावर) किंवा मॅश टनवर (माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या भांड्यावर) संशय घ्यायच्या आधी मोजणाऱ्यावर घ्यावासा वाटतो. समजा २०० किलो माल्ट घातला आणि त्याच्या सर्टिफिकेटनुसार, माल्ट आहे त्या ओलाव्यासकट, अर्क (पाण्यात उतरू शकणारी साखर वगैरे) ७८ टक्के आहे. म्हणजे जास्तीत जास्त १५६ किलो अर्क मिळू शकतो. उकळ संपल्यावर १२ प्लेटोचा (वजनात १२ टक्के अर्क असलेला), थंड मापाने १००० लिटर वर्ट मिळाला. १२ प्लेटोची घनता १.०४८४, म्हणजे वर्टचं वजन १०४८ किलो, त्याचे १२ टक्के १२५.८ किलो. १५६ ला भागलं की ८०.६ टक्के.

हाच वर्ट केटलमध्ये (उकळायच्या भांड्यात) गरम असताना डिपस्टिकने मोजला तर तो १०४० लिटर भरतो, कारण उकळत्या तापमानापासून २० अंशांपर्यंत येताना वर्ट सुमारे ४ टक्के आकसतो. ज्याने गरम माप तसंच लिहिलं, त्याचा आकडा ८३.९ टक्के येईल. समजा दुसऱ्या मुलाने माप बरोबर घेतलं, पण सॅम्पल ३० अंशांवर असतानाच हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती काचेची नळी) बुडवला. हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो; ३० वर तो साधारण ०.६ प्लेटो कमी दाखवतो. १२ चे ११.४ झाले आणि एफिशियन्सी ७६.४. बॅच एकच, मॅश एकच, आणि दोन माणसांच्या वहीत तुमचे नेमके दोन आकडे. मे महिन्यात ब्रुहाउसमध्ये सॅम्पल ३० च्या खाली आणायचं तर बर्फाच्या पाण्यात सिलिंडर ठेवावा लागतो, आणि घाईच्या वेळी तेच टाळलं जातं.

म्हणून पहिले दोन आठवडे यंत्रांना हात लावू नका, मापं तपासा. थर्मामीटरसाठी आरओच्या पाण्याचा बर्फ बारीक फोडून, त्यात थोडंच पाणी घालून दाट लगदा करा, प्रोब त्यात ढवळत ठेवा. शून्य यायला हवं. वरच्या टोकाला उकळतं पाणी वापरता येतं, पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या जेमतेम वर उकळतं. बेंगळुरू आणखी उंच, तिथे ९७ च्या आसपास. पॅनेलवर १०० दिसावं म्हणून प्रोबला दोन अंशांचं ऑफसेट देऊन गेलेला इलेक्ट्रिशियन मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलाय. त्या केटलवरचा मॅशचा ६६ मग प्रत्यक्षात ६४ असतो आणि ब्रुअर महिनोन्‌महिने बिअर इतकी कोरडी का लागते याचा शोध यीस्टमध्ये घेत बसतो. याउलट प्रोब बरोबर असेल आणि पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) उकळीचा टायमर ९९ ला सुरू व्हायचा ठरवला असेल, तर तो टायमर पुण्यात सहसा सुरूच होत नाही.

हायड्रोमीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० अंशांवर शून्य दाखवतो का, ते महिन्यातून एकदा पाहा. वजनकाटा ओळखीच्या वजनाने तपासा. फर्मेंटरचे पीटी-१०० (तापमानाचे प्रोब) बाहेर काढता येत असतील तर चारही एकाच बर्फाच्या भांड्यात घाला. चौघांचं एकमेकांशी जमतं की नाही, हे शून्य बरोबर आहे की नाही याच्याइतकंच महत्त्वाचं, कारण पुढे आपण टाक्यांची आपसात तुलना करणार आहोत.

मापं जुळल्यावरही एफिशियन्सी हलत असेल तर ती तीन ठिकाणी मोजा: केटल भरल्यावर, उकळ संपल्यावर, आणि फर्मेंटरमध्ये प्रत्यक्ष पोहोचल्यावर. पहिल्या ठिकाणीच अर्क कमी असेल तर मिल, मॅश किंवा लॉटर. पहिल्या दोन ठिकाणी अर्काचे किलो सारखेच यायला हवेत, कारण उकळताना पाणी उडतं, साखर उडत नाही. ते जुळले नाहीत तर पुन्हा मापातच चूक आहे. आणि शेवटच्या टप्प्यात घट असेल तर व्हर्लपूलचा गाळ नीट बसत नाही किंवा पाइपमध्ये वर्ट राहतोय.

मिलचा गॅप फीलर गेजने आठवड्यातून एकदा, रोलरच्या दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला १.२ आणि दुसऱ्याला १.५ मिलिमीटर निघणं अगदी नेहमीचं आहे. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. माल्टमध्ये कारखान्यातून येताना ४-५ टक्के ओलावा असतो. जुलैत पोतं उघडं राहिलं आणि तो ८ वर गेला, तर २०० किलोत जिथे १९१ किलो कोरडा माल होता तिथे १८४ उरतो. मिल तीच, गॅप तोच, आणि साडेतीन टक्क्यांहून जास्त अर्क हवेतल्या पाण्याने खाल्ला. शिवाय सर्दावलेला दाणा फुटत नाही, चेपतो. रजिस्टरमध्ये माल्टचा लॉट आणि पोतं उघडल्याची तारीख हवी ती याचसाठी.

लॉटरला वेळ लिहा, रिसर्क्युलेशन (पहिला गढूळ वर्ट परत वर फिरवणं) सुरू झाल्यापासून केटल भरेपर्यंत. भाताचं तूस किती घातलं तेही. केटलसाठी ७५ अंशांपासून उकळी फुटेपर्यंतचा वेळ. तो वाढत गेला तर आतल्या भिंतीवर करपलेला थर, जॅकेटमध्ये (भांड्याभोवतीच्या पोकळ कवचात) साठलेलं पाणी, म्हणजे बिघडलेला स्टीम ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह), किंवा बॉयलरमधला क्षार. ट्रॅपच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपचं तापमान इन्फ्रारेड गनने घेतलं की यातला निम्मा संशय दहा मिनिटांत फिटतो. तुमचं पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) रोज लिहा. खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा इथल्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी बरंच जड असतं.

आता चिलर. तुमचा मूळ त्रास इथे आहे आणि माझ्या मते त्याचं उगमस्थान चिलरच्या बाहेर आहे, म्हणून थोडा हिशोब करू.

एका बॅचमध्ये चिलरला तीन कामं असतात. पहिलं, फर्मेंटेशनची उष्णता काढणं. १२ प्लेटोपासून अडीचपर्यंत जाताना हजार लिटरमधली सुमारे ८० किलो साखर आंबते आणि किलोमागे साधारण ५८७ किलोज्यूल उष्णता सुटते. एकूण १३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता, तीही तीन-चार दिवसांत विभागलेली. दुसरं, क्रॅश कूलिंग, म्हणजे आंबून झालेली बिअर झपाट्याने थंड करणं. हजार लिटर १८ वरून २ अंशांवर आणायला साधारण साडेअठरा युनिट उष्णता काढावी लागते. तिसरं काम बहुतेकांच्या हिशोबात नसतंच: कोल्ड लिकर टाकी, म्हणजे वर्ट थंड करायला लागणाऱ्या गार पाण्याची टाकी. ९५ अंशांचा हजार लिटर वर्ट २० वर आणायचा, पाणी ८ अंशांचं आत जाणार आणि ७५ होऊन बाहेर येणार, तर साधारण ११२० लिटर पाणी लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० अंशांवर असतं. ते ८ वर आणायला जवळजवळ २९ युनिट उष्णता काढावी लागते. डिसेंबरात तेच पाणी २० वर असेल तर साडेपंधरा. म्हणजे चिलरवरचं सगळ्यात मोठं ओझं ब्रूच्या आदल्या रात्रीच्या पाण्याचं आहे, आणि तेच ओझं उन्हाळ्यात जवळपास दुप्पट होतं. नेमक्या त्याच दिवसांत बाहेरच्या गरम हवेमुळे चिलरची ताकद कमी झालेली असते.

यात पीएचई (प्लेट्सचा हीट एक्स्चेंजर, ज्यात थंड पाणी वर्टची उष्णता घेतं) कसा येतो ते पाहा. प्लेट्सवर हॉप्सचा चिकटा आणि बिअरस्टोन (क्षाराचा कडक थर) बसला की उष्णता नीट पलीकडे जात नाही. तुम्हाला वर्ट २० लाच हवा असतो, म्हणून मदतनीस पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. बाहेर येणारं पाणी ७५ ऐवजी ६५ अंशांवर येतं आणि ११२० च्या जागी १३१५ लिटर लागतात. फर्मेंटरमध्ये वर्ट बरोबर तापमानाला गेलेला दिसतो, कुणाची तक्रार नसते. पण सुमारे २०० लिटर जादा थंड पाणी खर्च झालं, ते करायला चिलरवर आणखी पाच युनिट उष्णतेचं ओझं पडलं, आणि पुढच्या मॅशसाठी साठवलेलं गरम पाणी दहा अंशांनी कमी मिळालं, म्हणून बॉयलरही जास्त चालला. तक्रार कुणाच्या नावावर येते? चिलरच्या. सर्व्हिसवाला येतो, गॅस चेक करतो, बिल देतो आणि जातो.

पीएचईसाठी म्हणून चार आकडे लिहाच: नॉकआउटला (वर्ट थंड करून फर्मेंटरमध्ये सोडायला) लागलेली मिनिटं, थंड पाणी आत जाताना किती अंश, बाहेर येताना किती, आणि एकूण किती लिटर पाणी लागलं. वर्टचं बाहेरचं तापमान तर तुम्ही लिहीतच असाल. बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान बॅचमागून बॅच उतरत गेलं की प्लेट्स उघडायची किंवा उलट दिशेने गरम कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) फिरवायची वेळ झाली. बिअरस्टोन नुसत्या कॉस्टिकने जात नाही, त्याला ॲसिड लागतं. आणि शक्य असेल तर दोन टप्प्यांचा पीएचई घ्या, पहिल्या टप्प्यात साधं पाणी, दुसऱ्यात ग्लायकॉल किंवा थंड पाणी. चिलर बदलण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

चिलरची स्वतःची तब्येत बघायला रोज ठरलेल्या दोन वेळांना, समजा सकाळी ९ आणि दुपारी ३ ला, ग्लायकॉलचं जातं आणि येतं तापमान, कंडेन्सरजवळच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाजवळच्या) हवेचं तापमान, कॉम्प्रेसरच्या सक्शन आणि डिस्चार्जचे (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गॅसच्या दाबाचे) गेज, आणि चिलरच्या स्वतंत्र मीटरवरचे युनिट. हवेचं तापमान न लिहिता डिस्चार्ज प्रेशर लिहिण्यात अर्थ नाही, कारण ३८ अंशांच्या दुपारी ते चढणारच. हवा तेवढीच गरम असून प्रेशर गेल्या आठवड्यापेक्षा वर असेल तर कंडेन्सरच्या जाळीत धूळ आहे. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या ब्रुअरीत ती जाळी महिन्यातून दोनदाही धुवावी लागते. सक्शन उतरलंय आणि जात्या-येत्या ग्लायकॉलमधला फरक बदललाय, तर प्रवाह कमी झालाय का, बर्फ धरलाय का, गॅस कमी आहे का, या क्रमाने बघा.

बर्फ धरायचं कारण बहुतेक वेळा पातळ ग्लायकॉल असतं. कुठेतरी बारीक गळती असते, टाकीची पातळी उतरते आणि कुणीतरी नळाचं पाणी ओततो. प्रोपिलीन ग्लायकॉल ३० ते ३५ टक्के ठेवावा. तो साधारण उणे १३ ते उणे १६ अंशांना गोठतो. सेटपॉइंट उणे ४ असताना इतकं कशाला, असं वाटेल, पण इव्हॅपोरेटरचा (चिलरमधल्या ग्लायकॉल थंड करणाऱ्या भागाचा) पृष्ठभाग ग्लायकॉलपेक्षा कितीतरी थंड असतो. उलट ५० टक्के करून ठेवला तर तो दाट होतो आणि उष्णता नीट वाहून नेत नाही. ग्लायकॉलच्या रिफ्रॅक्टोमीटरने महिन्यातून एकदा तपासा आणि टाकीत ओतलेलं प्रत्येक लिटर पाणी रजिस्टरमध्ये लिहा. स्वस्त मिळतो म्हणून इथिलीन ग्लायकॉल ब्रुअरीत कदापि आणू नका. तो विषारी आहे आणि जॅकेटला बारीक चीर पडू शकते.

आता टाकी की चिलर, हे ओळखायची युक्ती. प्रत्येक क्रॅशला १८ पासून ४ अंशांपर्यंत किती तास लागले ते टाकीच्या नंबरसकट लिहा. टाकी पूर्ण भरलेली असतानाचेच आकडे धरा. एकच टाकी मागे पडली तर तिचं सॉलेनॉइड अर्धवट उघडतंय, तिच्या जॅकेटमध्ये हवा अडकलीय किंवा इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलंय. चारही मागे पडल्या तर चिलर, ग्लायकॉल किंवा पंप. मी ४ ला थांबायला सांगतोय त्यालाही कारण आहे. बिअर २-३ अंशांच्या आसपास सगळ्यात जड असते. त्याखाली थंड बिअर खाली जायच्या ऐवजी वर चढू लागते, टाकीतला प्रवाह उलटतो, आणि प्रोब ज्या उंचीवर आहे तिथलं तापमान मग टाकीचं राहत नाही. शेवटच्या दोन अंशांचा वेळ यंत्राबद्दल फारसं सांगत नाही.

वेळापत्रकाचंही थोडं बघा. कोल्ड लिकर थंड होत असताना त्याच रात्री दोन टाक्या क्रॅशला लावल्या तर कुठलाही चिलर रडेल. तुमच्या रजिस्टरमध्ये क्रॅश सुरू केल्याची वेळ असेल तर चिलर पुरला नाही त्या रात्री नेमकं काय काय चालू होतं, ते दिसेल. यंत्रात काही दोष नसून आठवड्याची मांडणीच चुकलीय, असंही निघू शकतं. मला तरी तुमच्या प्रकरणात त्याचीच शक्यता बरीच वाटते.

सीआयपीची (टाक्या-पाइप न सोडवता आतून धुण्याची) नोंद लोक ‘केलं’ एवढीच ठेवतात. धुणं हेही यंत्राचंच काम आहे आणि त्याची ताकद मोजता येते. परत आलेल्या कॉस्टिकचं १० मिली सॅम्पल घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका, १ नॉर्मल ॲसिड घालत जा. गुलाबी रंग जाईपर्यंत ५ मिली लागलं तर ते २ टक्के. पण तिथे थांबू नका. त्यातच मिथिल ऑरेंज टाकून रंग बदलेपर्यंत आणखी ॲसिड घाला. आणखी १ मिली लागलं तर तेवढा कार्बोनेट आहे, आणि खरा कॉस्टिक ५ उणे १, म्हणजे ४ मिलीचा, १.६ टक्के.

कार्बोनेट येतो कुठून? टाकीत राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून. हजार लिटरची रिकामी टाकी त्या वायूने भरलेली असेल तर तो सुमारे ३ किलो कॉस्टिक सोडा संपवू शकतो. तुम्ही १०० लिटर २ टक्क्यांचं द्रावण फिरवता, त्यात कॉस्टिक असतो २ किलो. म्हणजे अर्धा तास तुम्ही धुण्याच्या सोड्यासारख्या पाण्याने टाकी ओली करत होतात. याहून वाईट म्हणजे वायू द्रावणात शोषला गेला की टाकीत निर्वात तयार होतो, आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर टाकी आत चेपते. गरम धुण्यानंतर लगेच गार पाणी सोडलं तरी तेच. रजिस्टरमध्ये ‘टाकी हवेशीर केली’ आणि ‘व्हॅक्यूम व्हॉल्व्ह हाताने उघडून पाहिला’ असे दोन रकाने प्रत्येक सीआयपीसमोर असू द्या. वायू बाहेर सोडताना तो तळघरात साठणार नाही ना, हेही बघा. तो हवेपेक्षा जड आहे आणि माणूस पडल्यावरच कळतं.

आकडे जमा झाले की ते वाचायचे कसे? एखादा आकडा वर गेला की धावायचं, असं केलंत तर दर आठवड्याला पीएचई उघडाल. लहान ब्रुअरीत बॅच थोड्या असतात, म्हणून सरासरीवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न येतोच. तो आपल्याच धंद्यात सुटलाय. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा याचं गणित १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही ते शिकतात. तुम्हाला तेवढं गणित नको. नियंत्रण आलेखाची एक सोपी पद्धत पुरेल.

समजा हेफेवायझनच्या दहा बॅचचे नॉकआउटचे वेळ ४२, ४४, ४१, ४५, ४३, ४४, ४२, ४६, ४३, ४५ मिनिटं आहेत. सरासरी ४३.५. आता लागोपाठच्या दोन आकड्यांमधले फरक काढा: २, ३, ४, २, १, २, ४, ३, २. त्यांची सरासरी २.५६. तिला २.६६ ने गुणलं की ६.८. म्हणजे ३६.७ ते ५०.३ मिनिटांच्या दरम्यान जे काही येईल ते नेहमीचं हलणं. ४८ आले तर गप्प बसा. ५२ आले तर प्लेट्स बघा. आणि मर्यादेत राहूनही लागोपाठ आठ बॅच ४३.५ च्या वरच येत राहिल्या तर तेही लक्षण समजा, कारण हळूहळू मंदावणं असंच दिसतं. हीच आकडेमोड क्रॅशच्या तासांना, लॉटरच्या मिनिटांना, केटल उकळायच्या वेळेला लावा. वहीच्या पानावर पेन्सिलीने होते.

कारखान्यांतली माणसं तुम्हाला ओईई काढायला सांगतील, म्हणजे उपलब्धता गुणिले वेग गुणिले दर्जा. बाटलीबंद करणाऱ्या लाइनला तो आकडा ठीक आहे. आठवड्यातून तीनदा ब्रू करणाऱ्या हजार लिटरच्या केटलची उपलब्धता काढून तुम्ही करणार काय? तुमच्याकडे अडतं ते फर्मेंटरमध्ये. त्यासाठी टाकी भरल्यापासून धुऊन पुन्हा तयार होईपर्यंतचे दिवस मोजा, आणि त्यातले किती दिवस बिअर तयार होऊन नुसती बीबीटी रिकामी व्हायची वाट बघत होती, ते वेगळं लिहा. पाण्याचा महिन्याचा हिशोब मात्र ठेवा. मोठ्या कारखान्यांत लिटरभर बिअरला ३-४ लिटर पाणी लागतं, लहान ब्रुअरीत ७-८ किंवा त्याहून जास्त. तुमचा आकडा अचानक चढला तर पीएचई आणि सीआयपीच्या नोंदींत कारण सापडतं.

रजिस्टर यंत्राशेजारी लटकवा, ऑफिसात नको. रात्री एकत्र भरलेली पानं ओळखू येतात: सगळीकडे उणे ३.०, उणे ३.०, उणे ३.०, शाई एकच आणि अक्षर झोपेचं. ज्या मुलाने ५५ मिनिटं लिहिली त्याला ओरडा बसला की पुढच्या वेळी ४४ च येणार, एवढं मालकांना आधी समजावून सांगा. वीज गेली तर कधी गेली, कधी आली, तेही त्याच पानावर. राज्य उत्पादन शुल्क विभागासाठीच्या नोंदवह्या यात मिसळू नका. त्यांचं काम वेगळं आहे आणि त्यात खाडाखोड चालत नाही, या रजिस्टरमध्ये चालते.

खर्च करायचाच असेल तर आधी चिलरला स्वतंत्र वीजमीटर, मग पीएचईच्या पाण्याच्या लाइनवर फ्लोमीटर, मग हातात धरायचा एक खात्रीचा थर्मामीटर. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्यावर सेन्सरचं बघा, आणि तेव्हाही एकच गोष्ट घ्या: फर्मेंटरचं किंवा ग्लायकॉलचं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की रात्री फोनवर वाजणारा अलार्म, कारण त्या वेळी घड्याळ बघायला तिथे कुणी नसतं. तो मालकांच्या नाही, ज्याच्याकडे ब्रुअरीची चावी आहे त्याच्या फोनवर वाजू द्या. आणि कंट्रोलरबरोबर इंटरनेटचा राउटरही यूपीएसवर घ्या, नाहीतर वीज जाऊन चिलर बंद पडेल तेव्हा अलार्मही बंद पडलेला असेल.